पात्र उभं राहतं कुठे? हाक, क्रियापद आणि चौथा हप्ता

‘सुलभाताई स्वभावाने प्रेमळ पण शिस्तप्रिय होत्या.’ नव्याने लिहिणाऱ्यांच्या कथेत पहिल्या पानावर हे किंवा याच्या जातकुळीचं वाक्य हमखास भेटतं. वाक्यात चूक काही नाही, पण वाचकाच्या हाती काही लागतही नाही. प्रेमळ पण शिस्तप्रिय बाई उद्या कशाला नकार देईल, कोणाशी खोटं बोलेल, कुठे पैसे सोडेल, याचा अंदाज त्या दोन विशेषणांवरून येत नाही. गंमत अशी, की त्या वाक्यातला एक शब्द खरोखर काहीतरी सांगतो आणि लिहिणाऱ्याचं नेमकं त्याच्याकडेच लक्ष नसतं: ‘होत्या’. सांगणारा सुलभाताईंना मान देतोय. तो त्यांच्यापेक्षा लहान असेल, त्यांच्या हाताखाली शिकलेला असेल किंवा त्यांना वचकून असेल. पात्र आणि सांगणारा यांच्यातलं अंतर त्या आदरार्थी बहुवचनात ठरून गेलं.

लेखनाच्या कार्यशाळांत ‘सांगू नका, दाखवा’ एवढं घोकून घेतात. मराठीत मात्र पात्र दाखवण्याची निम्मी हत्यारं व्याकरणातच पडलेली आहेत: सर्वनाम, हाक, संयुक्त क्रियापद, शेवटचा ‘च’ आणि ‘तरी’. विशेषणांआधी ही वापरावीत, एवढंच मला सांगायचं आहे.

उदाहरणासाठी एक पात्र घेऊ. विजया, वय ५२, तालुक्याच्या गावात पोस्टाच्या आरडीची, म्हणजे दरमहा ठरावीक हप्ता भरायच्या बचतीची एजंट. महिन्याच्या सुरुवातीला घरोघरी जाऊन हप्ते गोळा करते, कार्डावर नोंद करते, पोस्टात भरते. अशा बाईला अख्ख्या आळीची आर्थिक स्थिती ठाऊक असते आणि तिला ती कुठे बोलता येत नाही. कथेसाठी यापेक्षा बरी नोकरी शोधून सापडायची नाही.

पहिला निर्णय: निवेदक विजयाला ‘ती’ म्हणणार की ‘त्या’? ‘ती’ म्हटलं की आपण तिच्या बरोबरीने चालतो. ‘त्या’ म्हटलं की कोणीतरी लहान माणूस तिच्याकडे बघतोय असं वाटतं, आणि मग त्या लहान माणसाला कथेत जागा द्यावी लागते. इथे सर्वांत जास्त घोटाळा होतो तो वर्गाचा. पुष्कळ कथांत साठीची धुणंभांडीवाली ‘ती आली’ असते आणि तिशीतली डॉक्टरीण ‘त्या आल्या’ असते. पात्राच्या तोंडून कथा सांगितली जात असेल तर हा फरक उपयोगाचा आहे, सांगणाऱ्याची घडण त्यातून कळते. पण सर्वज्ञ, म्हणजे कथेबाहेर राहून सगळ्यांचं सगळं जाणणाऱ्या निवेदकाने तेच केलं तर तो दुजाभाव थेट लेखकाच्या नावावर जमा होतो. सुटण्याचे रस्ते दोन. सगळ्यांना सरसकट एकवचन द्यायचं. मग ‘आजोबा उठला’ हे पानभर खटकतं आणि नंतर कान सरावतो. किंवा ज्या पात्राच्या नजरेतून प्रसंग चालू आहे, त्याच्या नात्याप्रमाणे मान द्यायचा. मग एकच माणूस एका प्रकरणात ‘ते’ आणि दुसऱ्यात ‘तो’ होईल, आणि ते बरोबरच आहे. तिसरा रस्ता म्हणजे जसं सुचेल तसं. त्यात दहाव्या पानावर ‘सासरे म्हणाले’ आणि चौदाव्या पानावर ‘सासरा म्हणाला’ असं होतं. वाचकाला वाटतं मधे काहीतरी बिनसलं, आणि बिनसलेलं काहीच नसतं.

यानंतर पात्रांनी एकमेकांना मारायच्या हाका. महत्त्वाच्या प्रत्येक जोडीसाठी चार गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्यात: चारचौघांत काय म्हणतात, एकटे असताना काय, भांडताना काय आणि पाठीमागे काय. दोन्ही बाजूंनी. तीन जोड्या धरल्या तर चोवीस नोंदी होतात, तासाभराचं काम. हे करताना पात्राचा इतिहास आपोआप बाहेर येतो. विजयाचा मुलगा तिला ‘वहिनी’ म्हणतो असं लिहिलं, की एकत्र कुटुंब, घरात धाकटे दीर, त्यांचं ऐकून मुलानेही उचललेली हाक, एवढं सगळं न सांगता कळतं. सुनेच्या तोंडी ‘अहो आई’ आणि मुलीच्या तोंडी ‘ए आई’ हा फरक तर प्रत्येक मराठी वाचक झोपेतही ओळखतो. मग सून एखाद्या दिवशी, घाईत, ‘ए आई’ म्हणून गेली आणि विजयाने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं, तर त्या दोघींबद्दल आणखी दोन परिच्छेद लिहायची गरज उरत नाही.

हाकेतला बदल मात्र काटकसरीने वापरायचा. कथेत एकदा, कादंबरीत दोन-तीनदा. ‘अहो’ म्हणणारी बायको नवऱ्याला पहिल्यांदा नावाने हाक मारते, हा प्रसंग एकदाच चालतो. दुसऱ्यांदा मारली की ती सवय झाली, आणि पहिल्या वेळचं वजनही गेलं.

आता क्रियापद. विजयाने शेजारच्या मंगलचा थकलेला हप्ता स्वतःच्या पर्समधून भरला, असं कथेत घडतं. ही घटना ‘तिने पैसे भरले’ अशी लिहिली तर ती पासबुकातली नोंद झाली. ‘भरून टाकले’ म्हटलं की एक कटकट संपवणारी बाई दिसते. ‘भरून ठेवले’ म्हटलं की पुढचा विचार करणारी, कदाचित उपकाराची पुंजी बांधणारी. ‘भरलेच शेवटी’ यात आधीचा आठवडाभराचा झगडा आहे. ‘भरावे लागले’ म्हणणारी विजया स्वतःला बिचारी समजते; तेच ‘भरले की’ असं ती नवऱ्याला उत्तर देताना म्हणाली तर घरात तिचा आवाज चालतो. घटना एकच, बायका पाच. परदेशी लेखनपुस्तकांत याबद्दल काही सापडायचं नाही, कारण ‘टाकणं’ आणि ‘ठेवणं’ ही सहायक क्रियापदं म्हणून आपल्याकडे जे काम करतात, त्यासाठी त्यांना निराळं क्रियाविशेषण शोधावं लागतं. आपण मात्र त्यांचं पाहून ‘तिने नाइलाजाने पैसे भरले’ लिहितो.

मनातले विचार लिहिण्याचीही मराठीत मोठी सोय आहे. आपल्याकडे दुसऱ्याचं बोलणं सांगताना काळ आणि पुरुष बदलत नाहीत. ‘ती म्हणाली, मी उद्या येते’ हेच ‘मी उद्या येते असं ती म्हणाली’. त्यामुळे निवेदनातून मनात आणि मनातून परत निवेदनात सहज जाता येतं, ‘तिला वाटलं की’ हा पूल न बांधता. ‘विजयाने कार्डांचा गठ्ठा पुन्हा मोजला. एक कमी. मंगलकडेच राहिलं असणार. आता पुन्हा तो जिना चढा.’ शेवटची दोन वाक्यं विजयाची आहेत आणि कुठेही अवतरणचिन्ह नाही. इथे एकच पथ्य: एका प्रसंगात एकाच डोक्यात राहायचं. मंगलच्या घरात विजयाच्या मनात असताना ‘मंगलला मेल्याहून मेल्यासारखं झालं’ हे वाक्य आलं, की वाचक दोघींपासूनही सुटतो. मंगलने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, एवढंच विजयाला दिसू शकतं.

नोकरीचे तपशील नुसते शोभेला नसतात, ते पात्राचा निर्णय बदलतात. पोस्टाच्या आरडीचं खातं पाच वर्षांचं, साठ हप्त्यांचं. ज्याचं खातं महिन्याच्या १५ तारखेपर्यंत उघडलेलं, त्याने दर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हप्ता भरायचा. एक चुकला तर शंभर रुपयांमागे महिन्याला एक रुपया शुल्क, म्हणजे हजाराच्या हप्त्याला दहा रुपये. चार हप्ते थकले की खातं खंडित होतं आणि ते पुन्हा चालू करायला दोन महिन्यांची मुदत असते. एजंटचं कमिशन ४ टक्के. हे माहीत नसलेला लेखक मंगलचा पहिलाच हप्ता चुकवेल आणि विजयाला गलबलून हजार रुपये भरायला लावेल. हा प्रसंग कोसळतो, कारण दहा रुपयांच्या दंडासाठी हजार रुपये कोण घालेल? जाणकार वाचकाला विजया वेडी वाटेल, अजाण वाचकाला ती नुसतीच चांगली वाटेल, आणि दोन्ही वाईट. तेच तीन हप्ते आधीच थकले आहेत, आज चौथ्याची १५ तारीख आहे, मंगलचा फोन लागत नाही आणि पोस्टाची खिडकी बंद व्हायला अर्धा तास आहे, असं धरलं की निर्णयाला धार येते. मागचा हप्ता शुल्कासकट भरून थकबाकी तीनावर रोखायची, की जाऊ द्यायचं? हजाराच्या एका खात्यामागे विजयाला चाळीस रुपये मिळतात. म्हणजे ती आज पंचवीस खात्यांची कमाई दुसऱ्याच्या नावावर टाकतेय. हा हिशेब कथेत लिहायचा नाही. तो विजयाच्या डोक्यात एका ओळीत झाला पाहिजे, कारण तिच्या हातून तो दर महिन्याला होतो.

आणि एवढं करूनही ती चांगली बाई ठरू नये. खातं खंडित झालं तर पुढच्या हप्त्यांवरचं तिचं कमिशनही बंद होणार, शिवाय ‘विजयाताईंकडची खाती बुडतात’ अशी बोलवा आळीत झाली तर बाकीचे जातील. स्वार्थ आणि माया एकाच कृतीत मिसळलेली असली, आणि तिला स्वतःलाही कोणती किती ते ठरवता येत नसलं, की पात्र जिवंत होतं. निव्वळ मायेतून केलेली गोष्ट वाचक मान्य करतो आणि विसरतो.

आता हे उघड कधी करायचं? इथे एक फसवणूक सर्रास होते. कथा विजयाच्या मनातून चालू आहे आणि तिने पैसे भरल्याचं मात्र शेवटच्या पानापर्यंत दडवून ठेवलंय. जे पात्राला ठाऊक आहे आणि ज्याचा ते सतत विचार करतंय, ते त्याच्याच डोक्यात बसलेल्या वाचकापासून लपवलं की वाचक चिडतो, आणि त्याचं चिडणं रास्त आहे. लपवायचंच असेल तर नजर बदला. पोस्टातला कारकून, विजयाची मुलगी किंवा खुद्द मंगल यांच्या बाजूने सांगा. त्यांना ते ठाऊक नाही, त्यामुळे लपवणं आपोआप होतं. किंवा पहिल्याच पानावर सांगून टाका आणि ‘मंगलला कळलं तर काय’ यावर कथा उभी करा. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. रहस्य फुटल्यावर कथा संपते, अडचण मात्र वाढत जाते.

कोणाच्या तोंडून सांगायचं, याचे मराठीत फार चांगले धडे आहेत. ह. ना. आपट्यांनी १८९० च्या दशकात ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही यमूच्या तोंडून सांगितली. घरातली मोठी माणसं वाईट आहेत असं लेखकाने म्हणण्याची वेळच येत नाही. लहान यमूला जे नीट कळलेलं नसतं, ते वाचकाला तिच्या बोलण्यातून कळत जातं. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) निवेदक धनगरांच्या वाडीवर नव्याने आलेला तरुण मास्तर आहे. त्यालाच कोणी ओळखत नाही, तोही कोणाला ओळखत नाही, म्हणून प्रत्येक माणूस भेटेल तसा उलगडतो आणि पानभर परिचय द्यावा लागत नाही. आपल्या कथेत बरीच पात्रं असतील तर असा बाहेरचा माणूस मोठी मेहनत वाचवतो. त्याची मर्यादाही आहे: वाडीतल्या लोकांचं एकांतातलं बोलणं त्याच्या कानावर पडत नाही, आणि भिंतीला कान लावायला लावलं की तो मास्तर राहत नाही.

अनेक निवेदकांची कादंबरी लिहायचा मोह ‘मृत्युंजय’ (१९६७) वाचून बऱ्याच जणांना होतो. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे सहा जण आळीपाळीने बोलतात. एकाच माणसाकडे सहा बाजूंनी पाहण्याची ताकद त्यात आहेच. पण माझ्या मते सगळ्यांची भाषा एकाच अलंकारिक पट्टीत राहते, आणि पौराणिक विषयात ते खपून जातं. आजच्या शहरातल्या तीन माणसांच्या बाबतीत खपणार नाही. चाचणी साधी आहे: प्रत्येक निवेदकाचा दहा ओळींचा तुकडा नाव झाकून वाचा. कोण बोलतंय ते तिसऱ्या ओळीपर्यंत कळलं नाही, तर निवेदक एकच ठेवा.

बोलीबद्दल. रा. रं. बोराड्यांच्या ‘पाचोळा’त (१९७१) पारबती सबंध कादंबरी मराठवाडी बोलीत सांगते, निवेदन आणि संवाद यांच्यात भिंतच नाही, त्यामुळे तिच्याकडे वरून पाहणारा कोणी उरत नाही. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, ही रीत जास्त रुळलेली आहे, पण त्यात निवेदक नकळत सुशिक्षित पाहुणा होतो. ते चालणार आहे का, हे आधी ठरवावं. बिघडतं ते बहुधा ‘लई’, ‘व्हय’, ‘म्या’ सगळ्यांच्या तोंडी शिंपडल्याने. ती कुठल्याच गावची बोली नसते, ती तमाशापटाची बोली असते. त्यापेक्षा एका गावाची तीन वैशिष्ट्यं निवडा आणि ती शेवटपर्यंत पाळा: एक विभक्तीचं, एक क्रियापदाचं, एक वाक्य संपवण्याचं. वऱ्हाडी माणूस ‘मले’, ‘तुले’ म्हणतो, मालवणी ‘माका’, ‘तुका’. एवढ्याने जिल्हा कळतो. कोल्हापूरकडची बाई ‘मी आलो’ म्हणते, हे ठाऊक नसलेला मुद्रितशोधक ते ‘आले’ करून टाकतो, म्हणून त्याला आधीच चिठ्ठी लिहून ठेवावी. उच्चार दाखवण्यासाठी प्रत्येक शब्दाचं लेखन मोडलं तर वाचक अक्षरं लावत बसतो आणि माणूस हातचा जातो.

तकियाकलामाचं, म्हणजे तोंडात बसलेल्या ठरावीक शब्दाचंही असंच. ‘कोसला’तला (१९६३) पांडुरंग सांगवीकर ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ वापरतो ते गंमत म्हणून नाही; कुठल्याही गोष्टीला पूर्ण होकार न देण्याची त्याची रीत त्या शब्दांत आहे. नंतर आलेल्या कित्येक कथानायकांनी नुसते शब्द उचलले आणि रीत तिथेच राहिली. पात्राला एखादा ठरावीक शब्द द्यायचा तर आधी विचारावं, की या शब्दाआड ते काय टाळतंय? विजया प्रत्येक वाक्याआधी ‘तसं काही नाही’ म्हणत असेल, तर तसं काहीतरी नक्की आहे, आणि ते काय हे लेखकाला माहीत हवं.

रूपवर्णनात फार वेळ घालवू नये. उंची, रंग, नाक हे वाचक दोन पानांत विसरतो. कामाने अंगात मुरलेली एखादी गोष्ट टिकते: विजया बसमध्ये बसायला जागा मिळाली तरी पर्स मांडीवर उभी धरून तिची साखळी दोन बोटांत ठेवते. नावाकडे मात्र लक्ष द्यावं. बावन्न वर्षांची बाई विजया, सुनंदा, मंगल, सुरेखा असू शकते; अन्वी किंवा आर्या नाही. आडनाव दिलं की मराठी वाचक जात, बहुतेकदा प्रदेशही, मनात लिहून घेतो. त्यामुळे आडनाव द्यायचं तर जाणून द्यावं, आणि न देणं हाही निर्णय समजावा. एका कथेत मंगल, मंदा, मीना नकोत.

दुय्यम पात्रांना एकेक काम पुरे. पोस्टातल्या कारकुनाने घड्याळाकडे बघायचं आणि ‘झालं का बाई’ म्हणायचं. त्याचा घटस्फोट, त्याचं संगीतप्रेम हे दुसऱ्या कथेत.

पहिला खर्डा झाला की कात्री दोन ठिकाणी लावायची. एक, कृतीनंतर येणारं स्पष्टीकरणाचं वाक्य. ‘विजयाने पावती घडी घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. तिला हलकं वाटलं.’ यातलं दुसरं वाक्य जावं, कारण वाचकाने तिथे स्वतः काहीतरी ठरवलेलं असतं, आणि लेखकाने आपलं उत्तर पुढे केलं की त्याचं उत्तर वाया जातं. अपवाद एकच: कृती आणि भावना उलट्या असतील तर सांगावं. ‘तिला रागच आला’ हे वाक्य त्याच जागी ठेवण्यासारखं आहे. दोन, ‘ती रागाने म्हणाली’, ‘ती ओशाळून म्हणाली’ यांतली क्रियाविशेषणं. ‘म्हणाली’ पुरतं, आणि दोघंच बोलत असतील तर दर तिसऱ्या-चौथ्या वाक्याला पुरतं. काढल्यावर राग कळेनासा झाला, तर दोष संवादात आहे आणि दुरुस्तीही तिथेच करावी.

शेवटी यांत्रिक वाटणारं एक काम, पण सर्वांत जास्त चुका त्यातच सापडतात. प्रत्येक मुख्य पात्राचे सगळे संवाद कथेतून उचलून वेगळ्या फाइलमध्ये एकाखाली एक चिकटवा आणि मोठ्याने वाचा. मध्यावर बोली पातळ झालेली असते, कारण तोवर लेखकाला कथानक पुढे ढकलण्याची घाई झालेली असते. ‘तुम्ही’चं कुठेतरी विनाकारण ‘तू’ झालेलं असतं. आणि एखादं वाक्य असं निघतं जे या पात्राने कधीच म्हटलं नसतं, पण माहिती वाचकापर्यंत पोचवायची म्हणून त्याच्या तोंडी घातलेलं असतं: ‘तुला तर माहीतच आहे, आपल्या बाबांना जाऊन तीन वर्षं झाली.’ बहीण भावाला असं सांगत नसते. ती माहिती काढून घ्या आणि वर्षश्राद्धाला कोण आलं नव्हतं, यावर दोघांना भांडू द्या.